फौजेचा पट्टा

एप्रिल सरत आला की वैजापूरच्या रस्त्याला गाळाच्या ट्रॉल्या लागतात. पुढं चाललेल्या ट्रॉलीतून ढेकळं सांडतात, मागच्या गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा भुगा होतो आणि एसटीच्या उघड्या खिडकीतून वास आत येतो. शिळं पाणी, शेवाळ, शंखशिंपले, कुजलेली लव्हाळी असं सगळं त्यात असतं. शेजारच्या बाया नाकाला पदर लावतात. मी लावत नाही. तो वास मला आवडतो असंही नाही. पण एक अख्खा उन्हाळा मी त्यात काढलाय, आणि त्या उन्हाळ्याचं काय करायचं हे मला अजून नीटसं ठरवता आलेलं नाही.

आता मी शहरात राहते, मुकुंदवाडी स्टेशनाजवळ, आणि एका कॉलेजात भूगोल शिकवते. तेव्हा पंचविशीची होते. एम. एस्सी. करून इनामदार सरांच्या हाताखाली लागले होते. काम म्हणजे मातीचे नमुने धुणं, वाळवणं, चाळणं, पुड्यांवर नंबर घालणं. सर मातीचे अभ्यासक होते. उंच, वाळके, बोलायला कमी. एक त्यांची सवय कधी सुटली नाही. नवी माती हाती आली की चिमूटभर समोरच्या दातांत धरून बघायचे. वाळू असेल तर करकरते, गाळ असेल तर पिठासारखा लागतो, चिकणमाती दाताला धरून बसते. पहिल्याच दिवशी त्यांनी मलाही चाखायला लावली होती. घरी सांगितल्यावर आईनं चूळ भरायला लावून वर गुळाचा खडा दिला.

सातशे वर्षांपूर्वी उत्तरेकडून देवगिरीवर फौज चालून आली, हे आमच्याकडं सगळ्यांना शाळेपासून माहीत असतं. ती नेमक्या कोणत्या वाटेनं आली, हे सरांना शोधायचं होतं. सरळ घाट चढून आली असणार, असं बहुतेक जण म्हणत. सरांना ते पटत नव्हतं. इतकी घोडी, इतके ओझ्याचे बैल, त्यांना रोज पाणी कुठून मिळणार? त्यांच्या मते फौजेचा निदान एक भाग वळसा घालून आमच्या बाजूनं, जुन्या तळ्यांच्या माळेनं आला होता. जुन्या कागदांत ते सापडेना, तेव्हा सर मातीकडं वळले. त्यांचा हिशेब सोपा होता. हजारो जनावरं आठ दिवस एका जागी थांबली तर गवत संपतं, जमीन तुडवून मोकळी होते, शेणमूत आणि चुलींची राख तिथंच राहते. पुढच्या पावसाळ्यात ते सगळं उतारानं तळ्यात वाहून येतं. त्यावर मग दरवर्षीचा गाळ बसत जातो. म्हणजे तळ्याच्या पोटात कुठंतरी एक काळा पट्टा असला पाहिजे. ओळीनं चार तळ्यांत तसा पट्टा मिळाला, की वाट मिळाली. या चार तळ्यांसाठी सरांचे अकरा उन्हाळे गेले होते आणि पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते.

आमच्या गावाबद्दल त्यांना मीच सांगितलं. आमचं गाव तालुक्याच्या रस्त्यापासून आत आहे. गावाला जुनं तळं आहे, दगडी बांधाचं, आणि त्याच्या वरच्या अंगाच्या रानाला सगळे ‘लष्कराचं रान’ म्हणतात. का म्हणतात, हे कुणी सांगू शकत नाही. सरांनी ते नाव वहीत लिहून घेतलं, दोनदा खाली रेघ ओढली.

त्या वर्षी तळं पार आटलं. गाळ वाळला की त्याला भेगा पडतात, आणि वरच्या खपल्या उन्हात पापडासारख्या कडांनी वळतात. त्यावरून चालताना पायाखाली बारीक कडकड आवाज होतो. मधोमध थोडी ओल राहिली होती, तिच्याभोवती बगळे उभे असत. बांधाखालच्या शिवारात कांदा काढणं चालू होतं. गावानं गाळ काढायचं ठरवलं होतं. पोकलेन येणार होता, ज्याला हवा त्यानं स्वतःच्या ट्रॉलीनं रानात न्यायचा. सगळ्यात जास्त नड माझ्या दादाला होती. लष्कराच्या रानाला लागून असलेलं आमचं माळावरचं रान नुसतं मुरमाड. दादानं शाळा सोडून ते रान कसलं, त्याच्यावर माझं शिक्षण झालं. त्या रानावर एक वीतभर काळी माती पसरायची, हे त्याचं किती तरी वर्षांचं म्हणणं होतं.

अडचण अशी, की सरांना आणि दादाला एकच कोपरा हवा होता. सांडव्याच्या बाजूचा. तिथं दगड पडलेले असल्यानं बैलगाडी कधी उतरली नव्हती, आणि म्हणून तिथला गाळ कुणीच हलवला नव्हता. सरांच्या दृष्टीनं न फाटलेली वही, दादाच्या दृष्टीनं पुरुषभर खोल खत. पोकलेनला दगडांची अडचण नव्हती. मी दोघांच्या मधे बसून बोलणं लावून दिलं. सरांनी दादाला फौजेचं सगळं सांगितलं, आणि दादानं ते मन लावून ऐकलं. फौज गावात थांबली होती असं ठरलं तर फाट्यावर पाटी लागेल, रस्ता होईल, असं त्याच्या मनात आलं होतं, हे मला पुढं कळलं. त्या दिवशी तो एवढंच बोलला, “आठ दिवस. त्याच्या म्होरं मशीन थांबायची नाय.”

शहरातल्या शहागंज बाजारातून आम्ही जाड पाइप, घण आणि पोती आणली. दुकानदारानं विचारलं, बोअर कुठं मारताय? सर म्हणाले, तळ्यात. त्यानं आमच्याकडं एकदा बघितलं आणि पावती फाडली.

पाइप ठोकून खालची माती काढायची, हे दोन दिवस केलं. मग सरांनी ठरवलं की सरळ चर खणू. गावातले दोन गडी लावले. पुरुषभर खोल चर, एक भिंत खुरप्यानं तासून गुळगुळीत केलेली. मी त्या भिंतीसमोर उकिडवी बसून वरून खाली एकेक थर वहीत उतरवत होते. राखाडी, पिवळसर, राखाडी, वाळूची रेघ, परत राखाडी. वरून ऊन, खाली ओलसर गारवा, त्यामुळं डोकं तापलेलं आणि पाय थंड, अशी दिवसभर अवस्था. चौथ्या दिवशी दुपारी, माझ्या गुडघ्याच्या उंचीला, चार बोटं जाडीचा काळा पट्टा लागला. त्यात कोळशाचे बारीक कण होते. सर चरात उतरले. त्यांनी त्यातली चिमूट दातांत धरली, मग थुंकली, आणि तिथंच चरात खाली बसले. चष्मा काढून सदऱ्यानं पुसला. मग मला म्हणाले, की पाणी आण.

एक गोष्ट इथंच सांगितली पाहिजे. त्या पट्ट्याच्या वर तशाच काळ्या, पण बारीक रेघा मला आदल्या दिवशीच दिसल्या होत्या, आणि त्या दुपारी पट्ट्याच्या खालीही दिसल्या. पाच-सहा तरी असतील. वहीत मी त्या ‘किरकोळ रेघा’ म्हणून लिहिल्या आणि सरांना वेगळं काही सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असं नाही. पण त्या दुपारी सरांचा चेहरा बघितल्यावर सांगावंसं वाटलं नाही, हे खरं.

भिवराबाई आली ती सहाव्या दिवशी. मेंढ्यांचा कळप घेऊन ती आणि तिच्या घरची माणसं दर उन्हाळ्यात आमच्या गावावरून जायची. दोन-तीन दिवस लष्कराच्या रानात आणि तळ्याच्या काठानं मेंढ्या बसवायची, मग पुढच्या गावी. मी लहानपणापासून तिला बघत होते. साठीच्या पुढची, कपाळावर आडवं मोठं कुंकू, हातात कायम काठी. चराच्या तोंडाशी उभी राहून ती आमचं काम बघत राहिली. मग काय शोधताय म्हणून विचारलं. मी पट्टा दाखवला, फौजेचं सांगितलं. ती खाली उतरली. पट्ट्यातलं ढेकूळ तिनं बोटांनी फोडलं, नाकाशी नेलं, आणि माझ्याकडं न बघता सरांना म्हणाली,

“सायेब, हे मेंढरं बसल्याचं हाय.”

सरांनी विचारलं, कशावरून. ती म्हणाली, “आसं वरखाली बघा की. येकच कुठंय?” आणि काठीच्या टोकानं तिनं त्या रेघा दाखवल्या. मी वहीत लिहिलेल्या सगळ्या, आणि मला न दिसलेल्या आणखी दोन.

सर तिच्यावर चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. त्यांनी तिला कळपाच्या बसण्याबद्दल विचारायला सुरुवात केली. किती दिवस, किती मेंढ्या, चुली कुठं मांडता, पाऊस लागल्यावर त्या जागेचं काय होतं. ती सांगत गेली. चांगला पाऊस झाला की मेंढरं जास्त, जास्त दिवस मुक्काम. तेव्हा मागं काळीभोर जागा उरते. पाऊस कमी तर मुक्काम कमी. जाड पट्टा कशाचा, बारीक कशाचा, हे तिनं असं बसल्याबसल्या सांगून टाकलं. शेवटी सरांनी विचारलं, की तुम्ही थांबता पण फौज कधीच जाऊ शकणार नाही, अशी एखादी जागा आहे का?

दुसऱ्या दिवशी ती आम्हाला डोंगरातल्या एका खोंगळीत घेऊन गेली. तिन्ही बाजूंनी कडे, आत जायला एक अरुंद वाट, बाहेर पडायला तीच. आत एक डबकं, तेही आटलेलं. वळीव लागला तर मेंढरं घेऊन आडोशाला इथं येतो, म्हणाली. तिथं फौज कशाला येईल? मी आणि सरांनी मिळून पाइप ठोकला. वर काढून उभा चिरला, तर आत राखाडी मातीत काळ्या रेघा होत्या. तळ्यातल्यासारख्याच.

परतताना भिवराबाईनं सरांना विचारलं, की ती फौज किती दिवस राहिली असेल. सर म्हणाले, आठ-दहा दिवस. मग पुन्हा आली का? त्या वाटेनं बहुतेक नाही, सर म्हणाले. तिनं मान हलवली आणि पुढं गेलेल्या मेंढ्यांना हाळी दिली.

आठवा दिवस उजाडला तेव्हा पोकलेन बांधावर उभाच होता. दादानं शब्द पाळला होता, आम्हीही पाळला. नमुन्यांची पोती टेम्पोत भरेपर्यंत त्यानं मशीन थांबवलं. मग पोकलेनच्या बादलीनं पहिल्याच घासात आमचा चर उचलला. थर, पट्टे, रेघा, सगळं ट्रॉलीत एकत्र झालं. सर ते बघायला थांबले नाहीत. मी थांबले. माळावर काळी माती पडत होती, दादा फावड्यानं ती पसरत होता, आणि इतका खूश मी त्याला फार कमी वेळा बघितलंय.

पुढचा पावसाळा प्रयोगशाळेत गेला. सूक्ष्मदर्शकाखाली शेणावर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू दिसतात, काळपट, खाचांचे. ते जाड पट्ट्यात होते, बारीक रेघांत होते, आणि खोंगळीतल्या रेघांतही होते. काळ काढायला नमुने बाहेर पाठवले होते, त्याचंही उत्तर आलं. जाड पट्टा सरांच्या फौजेच्या काळात बसू शकत होता. पण रेघा त्याच्या आधीपासून सुरू होत्या आणि नंतरही चालूच होत्या. त्या दिवशी मी सरांना वहीतल्या ‘किरकोळ रेघां’बद्दल सांगितलं. भिवराबाईनं दाखवायच्या आधीच मला दिसल्या होत्या, मी बोलले नाही, असं.

सर खिडकीजवळ उभे होते. म्हणाले, “मलाही दिसल्या होत्या, सुनंदा. मी मोजल्या नाहीत.”

फौजही कळपांच्याच वाटेनं आली असेल, कारण पाणी आणि चारा त्याच वाटेवर मिळणार, असं सरांना शेवटपर्यंत वाटत होतं. मलाही वाटतं. पण ते लिहिता येत नव्हतं, आणि त्यांनी लिहिलं नाही. निबंधाचं शेवटचं वाक्य त्यांनी मला करायला सांगितलं. मी लिहिलं: ‘हे पट्टे हंगामी मुक्कामाला थांबणाऱ्या जनावरांचे आहेत, ती जनावरं कोणाची, हे मातीवरून सांगता येत नाही.’ मला ते वाक्य फार आवडलं होतं. कमी नाही, जास्त नाही. सरांनी तो निबंध निवृत्तीच्या आधी एका सभागृहात वाचला. ऐकायला थोडी माणसं होती. अकरा उन्हाळ्यांच्या नकाशावरची फौजेच्या वाटेची लाल रेघ त्यांनी स्वतःच खोडरबरानं पुसली आणि नकाशा मला देऊन टाकला.

पुढच्या एप्रिलमध्ये मी गावी गेले तेव्हा तळ्याला तारेचं कुंपण होतं. गाळ काढल्यामुळं पाणी टिकलं होतं. त्याच्या जिवावर काठच्या लोकांनी मोसंबी लावली होती, दादानं पण. मेंढ्या रोपं खातात, पाणी गढूळ करतात, म्हणून गावानं एकमतानं तारा ओढल्या होत्या. लष्कराचं रानही त्यातच गेलं. भिवराबाईचा कळप तारेपाशी येऊन उभा होता. मेंढ्या तारेला नाक लावत होत्या. मी दिसताच ती माझ्याकडं आली. रडगाणं नाही, राग नाही. तिनं विचारलं, की सायेबांनी काय लिहिलं. मी सांगितलं, तुम्ही म्हणालात तेच निघालं. फौजेच्या आधीपासून इथं कळप बसतायत.

“मंग त्यो कागद तुज्या दादाला दाखीव,” ती म्हणाली.

मी दाखवला. जेवण झाल्यावर, ओट्यावर. दादानं चष्मा लावून निबंध सगळा वाचला. इंग्रजी मजकुराखाली मी मराठी सारांश जोडला होता, तो दोनदा वाचला. शेवटच्या वाक्याशी थांबला.

“जनावरं आमचीबी व्हतीच की,” तो म्हणाला. “यात तिचं नाव कुठंय?”

तो खोडसाळपणे बोलत नव्हता. त्यानं मी लिहिलेलं नीट वाचलं होतं, एवढंच. वाक्य माझंच होतं, आणि बरोबर होतं. आजही मी विद्यार्थ्यांना असंच लिहायला शिकवते. पुराव्यापेक्षा एक शब्द जास्त नको म्हणून सांगते. त्या दुपारी मला कळलं, की पुराव्याइतकंच बोलणारं वाक्य कुणाच्या तरी बाजूला जाऊन पडतंच. लिहिणाऱ्यानं ते कुठंच ढकललेलं नसलं तरी.

ग्रामसभा दोन दिवसांनी होती. आमच्या घरच्या बाया सभेत बोलत नाहीत. मी निबंध घरीच ठेवून गेले. पाणी, रस्ता, दिव्यांचे खांब असं होत होत शेवटी मी उभी राहिले. फार बोलले नाही. “मातीत नाव नसतं,” मी म्हणाले. “म्हणून मी सांगायला आले. मी सहा वर्षांची असल्यापासून या मेंढपाळांना इथं येताना बघितलंय. तुम्हीबी बघितलंय.” सरपंचांनी विचारलं, तुमच्या सरांच्या कागदात तसं लिहिलंय का. मी म्हणाले, नाही. हे मी बघितलेलं आहे, ते त्यांच्या कागदात नाही.

मग कुणीतरी म्हणालं, की आपल्या आज्याच्या वेळीही येत होते. दुसऱ्यानं मोसंबीचं काढलं. आवाज वाढले, परत बसले. मग दादा उठला. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. सभेला सांगितलं, की लष्कराच्या रानाकडची तार माझ्या बांधाला लागून आहे, तेवढी मी काढून घेतो. मग भिवराबाईकडं वळून म्हणाला, दोन दिवस मेंढरं माझ्या मोसंबीच्या वरच्या पडिकात बसवा, पाण्याला एका बाजूनं उतरा. खत मला, पाणी तुम्हाला. सरपंच म्हणाले, तसा अर्ज द्या, नोंद करू. असं ते निघालं. तळं उघडं झालं नाही. एका अंगाला गाडीभर रुंदीची वाट झाली.

अर्ज लिहायला मी बसले. भिवराबाई ग्रामपंचायतीच्या दारात, उंबऱ्याच्या बाहेर बसली होती. ‘अर्जदाराचे पूर्ण नाव’ असं लिहून मी थांबले. इतकी वर्षं ती आम्हाला नुसती भिवरा होती, नाहीतर मेंढकीण. निबंधाच्या शेवटी आभार मानले होते, त्यात गावाचं नाव होतं, दादाचं होतं, गड्यांची होती. तिच्याबद्दल ‘एक स्थानिक मेंढपाळ स्त्री’ असं होतं. तेही मीच लिहिलं होतं.

मी नाव विचारलं. ती म्हणाली, “भिवराबाई म्हाळू कोळपे.” मी लिहिलं. ती थांबली नाही. म्हाळूचा बाप बिरू. बिरूचा बाप सोमा. सोमाचा बाप येसू. ग्रामसेवक म्हणाले, मॅडम, अर्जदाराचं तेवढं पुरे, रकाना एकच ओळीचा आहे. मी अक्षर बारीक केलं आणि एकाखाली एक लिहीत गेले.

येसूपाशी ती अडली. बोटं दुमडून बघितली, परत पहिल्यापासून मोजली.

“त्याच्या मागचं ठावं नाय,” ती म्हणाली. “पन तेबी हितंच बसायचे.”

ग्रामसेवकांनी माझ्याकडं बघितलं. मी तेही लिहिलं.